तेवीस चोक ब्याण्णव

दसरा होऊन आठवडा उलटला की दिंडोरीच्या रस्त्याला एक आवाज सुरू होतो. कट, कट, कट. बागेत वीस-पंचवीस कात्र्या एकदम चालत असतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला माणसं दिसत नाहीत, नुसत्या वेली थरथरताना दिसतात. दोन दिवसांत हिरवीगार बाग उघडी बोडकी होते. कापलेल्या काड्यांचे ढीग बांधावर पडतात, त्यांचा तुरट ओला वास येतो, आणि मग त्या वासावर दुसरा एक वास चढतो. औषधाचा. यंदाही तो आला. मी गाडीची काच वर केली, तरी आला.

नाशिकच्या माझ्या मैत्रिणींना हा हंगाम ठाऊकच नाही. त्यांचा द्राक्षांचा हंगाम फेब्रुवारीत, पेटी घरी आली की सुरू होतो. माझ्याकडेही कुणी ना कुणी पेटी घेऊन येतं. मी हसून ठेवून घेते आणि ते गेले की शेजारच्या घरी देऊन टाकते. शेजारीण म्हणते, "अहो, एक घोस तरी ठेवा." मी म्हणते, मला खोकला होतो. सात वर्षं मला खोकलाच आहे.

मी गणिताची बाई. एकतीस वर्षं शिकवलं आणि खडूस म्हणून नाव कमावलं. पोरं पाठीमागं मला कात्री म्हणायची, ते मला माहीत होतं आणि आवडायचंही. पुस्तकातलं गणित मला कधी फार गोड वाटलं नाही. मला आवडायचं ते रस्त्यावरचं, अंगावर येणारं गणित. वणीच्या यात्रेला पोरं मोटारसायकली उडवत निघाली की मी फळ्यावर लिहायची: वेग दुप्पट केला, तर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला किती जास्त अंतर लागेल? वर्ग ओरडायचा, दुप्पट. मी म्हणायची, चौपट, बाळांनो, आणि त्या उरलेल्या अंतरात कुणाची तरी आई उभी असते. पोरं गप्प व्हायची. ती गप्प झाली की मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

बागेचं गणित तर माझं ठेवणीतलं. पानावर रोगाचा डाग पडलाय, रोज दुप्पट होतोय, विसाव्या दिवशी पूर्ण बाग जाणार. मग अर्धी बाग कितव्या दिवशी गेलेली असेल? द्राक्षवाल्यांचीच पोरं ती, तरी निम्मा वर्ग म्हणायचा दहाव्या. एकोणिसाव्या! अठराव्या दिवशी तुझा बाप बांधावर उभा राहून म्हणत असेल, अजून पाऊण बाग शाबूत आहे, घाबरायचं कारण नाही. असं म्हणून मी खडू टाकायची. धोका हळूहळू येत नाही, तुम्ही हळूहळू बघता, हे माझं लाडकं वाक्य होतं. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सात वर्षांपूर्वी दिवाळी लवकर आली होती. सुट्टी लागली आणि मी धाकट्या भावाकडे, दत्तूकडे, दिंडोरीच्या बागेत गेले. छाटणीला पेठ तालुक्याकडची टोळी आली होती. तेवीस माणसं, बागेच्या कडेला पाल ठोकून राहिलेली. त्यांची मुकादम जिजा. बाई मुकादम तशी विरळाच. बुटकी, हनुवटीवर गोंदण, आणि आवाज असा की तीन ओळी पलीकडची कात्री थांबावी. वय चाळीसच्या आसपास असेल. म्हणजे मी धरलं. तिला विचारलं तर म्हणाली, "जेवढं तुमाला वाटंल तेवढं लिवा."

दुपारी भाकरी खायला ती माणसं लिंबाखाली बसली, तेव्हा माझ्यातली बाई जागी झाली. तेवीस! हा आकडा माझ्या खेळाचाच. तेवीस माणसं जमली की त्यातल्या कुठल्यातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. कुणाला पटत नाही. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट आणि माणसं तेवीस, मग कसं? तर माणसं मोजायची नाहीत, जोड्या मोजायच्या. तेवीस माणसांच्या जोड्या होतात दोनशे त्रेपन्न. एवढ्या जोड्यांत एखादी जुळते. शहाण्यासुरत्या माणसांना मी या खेळात गप्प बसवलेलं आहे.

मी पहिल्याला विचारलं, तुझी जन्मतारीख?

"एक जून."

दुसरीला विचारलं. एक जून. तिसरा, एक जून. चौथा हसायलाच लागला. तेविसांपैकी एकोणीस जण एक जूनचे निघाले आणि उरलेल्या चौघांनी सांगितलं की कार्ड घरी हाय, पण तेच असंल.

जिजा भाकरी हातात धरून म्हणाली, "बाई, आमच्यात समदी पोरं जूनलाच व्हत्यात. शाळंचं दार जूनला उघाडतं ना? गुरुजी इचारतो, पोर कवा झालं? आय म्हनती, भात लावताना. गुरुजी लिवतो एक जून. मंग आमी त्या दिशी जल्माला येतो."

टोळी खो खो हसली. मीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. माझी स्वतःची तारीख एक जूनच आहे, आमच्याही गुरुजींनी तीच ठोकली होती, पण ते मी सांगितलं नाही. खेळ घेणारी खेळात नसते, एवढं शहाणपण होतं माझ्यात. त्या एका हसण्यानं मात्र मी त्यांची बाई झाले. संध्याकाळी जिजानं मला नागलीची भाकरी आणि चटणी आणून दिली. म्हणाली, माझी मैना नववीत हाय आश्रमशाळेत, तिला गणित लय जड जातं, एकदा तुमच्याकडं धाडते.

तिसऱ्या दिवशी टोळी कामाला उठली नाही.

छाटणीनंतर एक काम राहतं. उघड्या काड्यांवरच्या डोळ्यांना, कोंब फुटायच्या जागांना, औषध लावायचं, म्हणजे सगळे डोळे एकदम फुटतात. याला पेस्टिंग म्हणतात. कुठली काडी झाली ते कळावं म्हणून औषधात तांबडा रंग टाकतात, आणि मग हात बुडवून एकेक काडी पुसत जायचं. छाटल्यापासून दोन दिवसांत ते सुरू व्हायला लागतं. नाही झालं तर डोळे मागेपुढे फुटतात आणि बागेचं वर्ष जातं. आणि ही तेवीस माणसं बांधावर रांगेत बसलेली. कुठल्याशा गावात ते औषध लावल्यावर एक माणूस जागच्या जागी पडला, असं त्यांच्या कानावर आलं होतं.

दत्तू माझ्याकडे आला. कपाळावर घाम. "ताई, तू सांग त्यांना. तुझं ऐकतील. माझं कुणी ऐकत नाही."

मी आधी डब्यावरचं वाचलं. बारीक इंग्रजी अक्षरं होती, चष्मा लावून वाचली. हातमोजे घालावेत. काम करताना आणि नंतरही काही दिवस दारू घेऊ नये, जिवाला धोका. दोन्ही गोष्टी मी टोळीला सांगितल्या, हे माझ्या बाजूचं पुण्य. जिजानं लगेच मान हलवली. म्हणाली, काम हाय तवर कुणी थेंब घ्यायचा नाय, घेतला तर मी तंगडी मोडीन. आणि तिनं शब्द पाळला, चार दिवस कुणी घेतली नाही.

पण माणसं उठेनात. एक जण म्हणाला, "बाई, धोका हाय का नाय ते सांगा. खरं सांगा."

मी म्हणाले, "धोका कशात नसतो? रस्ता ओलांडताना नसतो का? नीट काम केलंत तर शंभरात एखाद्याला त्रास होतो. आणि तुम्ही तर तेवीसच आहात."

शंभरात एक हा आकडा माझा. डब्यावर नव्हता, कुठेच नव्हता. बाईनं आकडा सांगितला की तो खरा असतो, हे मला तोवरच्या चोवीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं, म्हणून दिला ठोकून. आणि ठोकून दिलेला का होईना, त्याचं पुढचं गणित मला येत होतं. शंभरात एक, हे एका माणसाचं एका दिवसाचं. माणसं तेवीस, दिवस चार. तेवीस चोक ब्याण्णव. ब्याण्णव वेळा तो फासा पडणार. पहिल्या वेळी शंभरातले नव्व्याण्णव सुटतात, दुसऱ्या वेळी त्या नव्व्याण्णवांतले पुन्हा शंभराला नव्व्याण्णव, असं ब्याण्णव वेळा घसरत गेलं की खाली उरतात चाळीस. म्हणजे सगळे सुखरूप घरी जाण्याची शक्यता शंभरात चाळीस, आणि निदान एकाला तरी लागण्याची साठ. हे मी बोलता बोलता मनात केलं. मला ते करायला वेळ लागत नाही. वर्गात हेच गणित मी फळ्यावर दणादणा सोडवून दाखवायची आणि पोरांना विचारायची, आता सांगा, शंभरात एक म्हणजे कमी का?

बांधावर मी पहिली ओळ सांगितली आणि खडू खाली ठेवला. दत्तू माझ्याकडे बघत होता. बागेवर त्यानं जीव टाकला होता आणि तो माझा भाऊ होता. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे तेव्हाही नव्हतं आणि आज शोधूनही सापडत नाही.

जिजानं मला विचारलं, "त्यो एक कोन, बाई?"

"काय?"

"शंबरातला एक म्हनलात ना. त्यो कोन?"

मी हसले. "अगं, ते गणित सांगत नाही. गणित फक्त किती ते सांगतं. कोण, ते नाही सांगत."

"मंग आमाला काय कामाचं?" ती म्हणाली, आणि सगळी टोळी हसली. हसता हसता उठली. जिजा हात झटकून म्हणाली, "चला रे. बाईनी सांगितलंय."

मग हातमोज्यांची वाटणी. दुकानातून एक डझन जोड आले होते. एक जोड दत्तूनं स्वतःला ठेवला, औषध कालवायला. उरले अकरा जोड, माणसं तेवीस. जिजानं अशी वाटणी केली की माझ्या वर्गातल्या हुशारातल्या हुशार पोराला सुचली नसती. म्हणाली, औषधात एकच हात बुडतो, मंग दोन कशाला? अकरा जोडांचे बावीस हातमोजे करून तिनं बावीस जणांना एकेक दिला. तेविसावी ती स्वतः. "माझ्या हाताला काय होतंय? कातडं न्हाय हे, चपला हायेत," असं म्हणून तिनं उघडा हात बादलीत घातला. तो कोपरापर्यंत तांबडा होऊन वर आला. मी तिथंच उभी होते. दत्तूच्या हातातला जोड मला दिसत होता, तो काढून दे म्हणायला तीन शब्द लागले असते.

चार दिवस तांबडे हात बागेत फिरत होते. काड्या तांबड्या, तारा तांबड्या, भाकरीच्या कडा तांबड्या. जिजाच्या बोटांची सालं निघायला लागली होती आणि ती त्यावर खोबरेल चोळत होती. मी रोज मोजत होते. तेवीस. सेहेचाळीस. एकोणसत्तर. ब्याण्णव! चौथ्या दिवशी शेवटची ओळ संपली तेव्हा मला एवढं हलकं वाटलं की मी दत्तूच्या बायकोला म्हटलं, कांदे मी चिरते. फासा ब्याण्णव वेळा पडला होता आणि कुणाला काही झालं नव्हतं. शंभरातल्या चाळीसांत आम्ही बसलो होतो.

काम संपलं की टोळीला जेवण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. पाचव्या दिवशी दुपारी कोंबडीचा रस्सा, भात, आणि मालकाकडून बाटल्या. बाटल्या नसल्या तर मालक कंजूष म्हणून दहा गावांत नाव होतं. दत्तूनं बाटल्या आणल्या. मी भात वाढत होते. बाटल्या मी पाहिल्या. "आणि नंतरही काही दिवस", हे शब्द चष्मा लावून मीच वाचले होते, मीच सांगितले होते. पण काम संपलं होतं, माझं मोजणं संपलं होतं, दत्तू खूश होता, रस्सा झकास झाला होता. चार माणसांत भावाचा हात कुठं धरायचा? मी ब्याण्णववर थांबले होते. धोका थांबला नव्हता, तो मोजणारीला विचारून थांबत नसतो.

जिजा घेत नव्हती. दत्तूच म्हणाला, "मुकादम, आता तरी घ्या. काम झालं की." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी वाढत होते. तिनं अर्धा पेला घेतला.

आधी तिचं तोंड लालभडक झालं. माणसं हसली, मुकादमबाईला लगेच चढली म्हणून. मग ती छातीवर हात ठेवून म्हणाली, "धडधड करतंय वं." मग धापा टाकायला लागली, भात तसाच ठेवून आडवी झाली. बाकीचेही लाल झाले, तीन-चार जण ओकले, पण ते वाचले. जिजाला टेम्पोत घातलं. नाशिक तिथून पंचवीस किलोमीटर. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी टेम्पोचा वेग आणि उरलेलं अंतर यांचा भागाकार करत होते. दुसरं मला काही येतच नाही. उत्तर आलं वीस मिनिटं. तिला तेवढी नव्हती.

सरकारी दवाखान्यातल्या माणसानं कागद पुढं ओढून विचारलं, जन्मतारीख? मी म्हणाले, एक जून. त्यानं वर न बघता लिहिली. मग त्या दिवसाची तारीख लिहिली. तिच्या नावावरची ती एकच तारीख खरी.

कारण काय लिहायचं, तर दत्तू म्हणाला, पार्टी होती, जास्त झाली. मी शेजारी उभी होते. माझ्या साडीला तांबडा रंग लागला होता. आणि मग ते गावभर झालं, पेठपर्यंत झालं, की मुकादमीण दारू पिऊन मेली. अर्धा पेला!

मैनेची शाळा सुटली, हेही कळलं. माझ्याकडे गणिताला यायची राहिली ती राहिलीच.

यंदा मेअखेरीला मी निवृत्त झाले. एक जूनवाले सगळे एकदमच निवृत्त होतात, आमच्या शाळेत एका दिवशी पाच निरोप समारंभ होते, पेढ्यांवर पेढे. घरी बसले आणि या ऑक्टोबरात कात्रीचा आवाज कानात वाजायला लागला. दत्तूचा फोन आला, ताई, सात वर्षं झाली, ये आता दिवाळीला. गेले. बागेत शिरले तर लिंबाखाली टोळी बसलेली आणि समोर तीच बुटकी चण, हनुवटीवर गोंदण मात्र नाही. मैना. आता तीच मुकादम. एकोणीस माणसं आणते. दत्तूचं सगळं आता नियमात आहे. हातमोज्यांची भरलेली पेटी झाडाखाली ठेवलेली, भिंतीवर मराठीत पाटी, आणि शेवटच्या दिवशी बाटल्यांऐवजी जिलेबी. एक बाई मेल्यावर एवढी सुधारणा झाली.

मैनेनं मला ओळखलं. जवळ आली, पण बसली नाही.

"तुमी गणिताच्या बाई ना?"

"हो."

"एक इचारू? समदे म्हनत्यात माझी आय दारू पिऊन गेली. माझ्या सासरचे बी म्हनत्यात. भांडान झालं की पयलं तेच काडत्यात. तुमी व्हता तिथं. दारूनं गेली का?"

दत्तू दहा हातांवर औषध कालवत होता. त्याचा हात थांबला. माझ्याकडे त्यानं तसंच पाहिलं, सात वर्षांपूर्वीसारखं. या वेळी मी त्याच्याकडे पाहिलं नाही. काडी उचलली आणि मातीत लिहिलं. तेवीस गुणिले चार. शंभरात नव्व्याण्णव, पुन्हा, पुन्हा, ब्याण्णव वेळा. खाली चाळीस. आणि शेजारी साठ. तिला सगळं सांगितलं. आकडा माझ्या मनाचा होता हे सांगितलं, जिजानं बांधावर काय विचारलं ते सांगितलं, अकरा जोड सांगितले, बारावा कुणाच्या हातात होता तेही सांगितलं. बाटली कुणी आणली, डबा कुणी वाचला होता, भात कोण वाढत होतं, सगळं. गणित समजायला तिला अजिबात जड गेलं नाही.

ती मातीकडे बघत होती. मग म्हणाली, "ह्ये साठ तवाच ठावं व्हतं तुमाला? बांधावर?"

"हो."

"आन् आयनं इचारलं, कोन?"

"हो. विचारलं होतं."

रडली नाही ती. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मी त्यासाठी तयारी करूनच बसले होते. तिनं पायानं ते गणित पुसलं, टोळीकडे वळली आणि हातमोजे वाटायला लागली. एकेकाला पूर्ण जोड, दोन्ही हातांना, ओढून, मनगटापर्यंत नीट बसलेत का ते बघून. एकोणीस झाले, स्वतः घातले. मग माझ्यापुढं एक बादली आणून ठेवली, तांबडी, काठोकाठ.

"चला बाई. ही वळ तुमची."

मी उठले आणि हातमोज्यांसाठी हात पुढं केला. पेटी आमच्या दोघींच्या मध्ये होती, अर्ध्याहून जास्त भरलेली. तिनं तिच्यावर झाकण ठेवलं.

"तुमच्यापुरता कमी पडला."

दत्तू ओरडला, "ए, अगं, ती माझी बहीण आहे!" कुणी मान वळवली नाही. मी बाही वर केली, हात बादलीत घातला आणि पहिली काडी पुसली.